मर लागली, पण कशाची?

(नभोवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



वांग्याचं झाड सकाळी टवटवीत असतं. दुपारी उन्हात ते माना टाकतं, रात्री थोडं सावरतं, आणि दोन-चार दिवसांत उभ्याउभ्या सुकून जातं. पानं हिरवीच राहतात; पिवळी पडायलाही त्यांना सवड मिळत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलं असेल, कोकणातल्या मंडळींनी तर जास्तच. आपण म्हणतो, "मर लागली." मग तालुक्याच्या गावी जाऊन दुकानात सांगतो, "मर लागलीय, औषध द्या." दुकानदार बुरशीनाशकाची पुडी देतो. ती पाण्यात कालवून आपण बुंध्याशी ओततो. झाडं मरतच राहतात. मग दुसरी पुडी येते, मग तिसरी.

यात एकट्या दुकानदाराला बोल लावून भागणार नाही. आपण त्याला जे सांगितलं, त्यावर त्यानं औषध दिलं. "मर" हे रोगाचं नाव नव्हेच, ते लक्षणाचं नाव आहे. जसा "ताप". ताप हिवतापाचा असतो, तसा विषमज्वराचाही असतो, आणि एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. तुरीची मर बुरशीमुळे होते. वांगी आणि टोमॅटोची मर बुरशीमुळे होते, तशीच जिवाणूमुळेही होते. सूत्रकृमींनी मुळांना गाठी आणल्या तरी झाड मलूल पडतं. बुरशीनाशक हे बुरशीसाठी. काही तांबेयुक्त औषधं सोडली तर जिवाणूचं ते फारसं वाकडं करीत नाही. आणि खोडाच्या आत शिरून बसलेल्या जिवाणूपर्यंत तांबंही पोचत नाही. तेव्हा पैसे खर्चण्याआधी मर कशाची हे बघावं. त्याची पहिली परीक्षा घरच्या घरी, फुकटात होते.

नुकतंच माना टाकू लागलेलं झाड उपटा. पार वाळलेलं घेऊ नका, त्यात काही दिसायचं नाही. जमिनीलगतचा खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार चाकूनं सरळ कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ, नितळ पाणी घ्या. पेल्याच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवून तिला तो तुकडा दोऱ्यानं असा बांधा, की त्याचं खालचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल. आता पेला हलवू नका. पाठीमागे काळा कागद किंवा गडद कापड धरलंत तर अधिक चांगलं दिसेल. थोड्याच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा, दोऱ्याइतका बारीक धागा पाण्यात खाली उतरू लागला, तर समजा की मर जिवाणूची आहे. तो धागा म्हणजे जिवाणूच. लाखोंनी, कोटींनी बाहेर पडणारे. बुरशीच्या मरीत असा धागा सुटत नाही.

इथं एक खूण सांगून ठेवतो, कारण तिनं पुष्कळजण फसतात. खोड उभं चिरलं आणि आत तपकिरी रेघा दिसल्या की लोक म्हणतात, "बुरशी आहे." रेघा दोन्ही रोगांत दिसतात. रंगावर जाऊ नका, धाग्यावर जा.

पानावरच्या डागांसाठी दुसरी साधी रीत आहे. डाग पडलेलं पान उजेडासमोर धरा. जिवाणूचा कोवळा डाग पाण्यानं किंवा तेलानं भिजल्यासारखा, आरपार उजेड जाणारा दिसतो; बऱ्याचदा पानाच्या शिरांनी अडवल्यामुळे तो कोनाकोनांचा होतो. बुरशीच्या डागात पुष्कळदा एकाआत एक अशी वर्तुळं असतात. तरीही शंका राहिलीच तर ते पान ओलसर कागदाबरोबर झाकणाच्या डब्यात दोनेक दिवस ठेवा. बुरशी असेल तर डागावर कापसासारखे तंतू किंवा काळसर भुकटी दिसू लागते. जिवाणू असेल तर तसं काही न उगवता क्वचित चिकट थेंब दिसतात.

इथवर तुम्हाला घरी कळतं की जिवाणू आहे. पण कोणता? हे सांगायला प्रयोगशाळा लागते. आणि तिथं गोष्ट सोपी नाही, ती का नाही हेही ऐकून ठेवा, म्हणजे आम्ही नमुन्याबद्दल एवढी कटकट का करतो ते उमजेल.

जिवाणूला रूप फार थोडं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले एकदोन भाग, एवढीच त्याची लांबी. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी लेव्हेनहुक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून १६७६ साली हे जीव पाहिले. पण पाहणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. सूक्ष्मदर्शकाखाली कोणी गोल दिसतो, कोणी काडीसारखा, कोणी मळसूत्रासारखा. झाडांना रोग करणारे बहुतेक सगळे काडीसारखेच. मोहरीच्या राशीतून एक दाणा उचलून "हा कोणाच्या शेतातला?" असं विचारावं, तशी गत.

म्हणून मग रंगाची युक्ती निघाली. डेन्मार्कचे डॉक्टर ग्राम यांनी ती १८८४ साली प्रसिद्ध केली, आणि आजही कोणत्याही प्रयोगशाळेत सुरुवात बहुधा तिथूनच होते. काचेवर जिवाणू पसरून त्यांवर जांभळा रंग, मग आयोडिन घालायचं. नंतर ते मद्यार्कानं धुवायचं. ज्या जिवाणूची भिंत जाड, तो जांभळा रंग धरून ठेवतो. ज्याची पातळ, त्याचा रंग धुऊन जातो. तो दिसावा म्हणून शेवटी लाल रंग देतात. असे दोन गट झाले, जांभळे आणि लाल. अळ्यांवर फवारतात तो बीटी नावाचा जिवाणू जांभळ्यांतला. वांग्याच्या मरीचा, डाळिंबाच्या तेल्याचा, लिंबाच्या खैऱ्याचा, हे सगळे लालातले. रंगाशिवाय करायची एक झटपट परीक्षाही आहे. पोटॅशच्या सौम्य द्रावणात जिवाणू घोटून काडी वर उचलली, तर लाल गटातल्यांना भेंडीसारखी तार सुटते. जांभळ्यांना सुटत नाही.

पण नुसत्या गटानं काय होणार? "माणूस उत्तरेकडचा आहे" म्हटल्यासारखंच ते. म्हणून जिवाणू वाढवून बघावा लागतो. स्वयंपाकघरात चायना ग्रास घालून घट्ट वड्या करतात, त्याच पदार्थात जिवाणूचं खाणं मिसळून काचेच्या बशीत थर देतात. रोगट आणि निरोगी भागाच्या अगदी सीमेवरचा तुकडा घेऊन, तो वरून निर्जंतुक करून, निर्जंतुक पाण्यात चुरतात आणि ते पाणी तारेनं त्या थरावर रेघारेघांनी पसरतात. दोनतीन दिवसांत त्यावर ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूची वाढलेली वस्ती. तेल्याचा आणि खैऱ्याचा जिवाणू पिवळा, चिकट, चकचकीत ठिपका देतो. त्याचं आडनावच झँथोमोनस, आणि ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा. वांग्याच्या मरीचा जिवाणू ओळखायला थरात टेट्राझोलियम नावाचं रसायन घालतात. त्यावर तो पांढरा, वेडावाकडा, ओघळल्यासारखा आणि मध्ये गुलाबी असा दिसतो. ही रीत अमेरिकेतले शास्त्रज्ञ केलमन यांनी १९५४ साली दिली. तिची मजा अशी, की रोग करण्याची ताकद गमावलेला तोच जिवाणू त्याच थरावर आवळ, गडद लाल ठिपका देतो.

पुढे मग त्याला खाऊ घालून बघायचं. ही साखर पचते का, ती पचते का? स्टार्च पचतो का? स्टार्चच्या थरावर आयोडिन ओतलं की सगळं काळंनिळं होतं, पण ज्यानं भोवतालचा स्टार्च खाल्ला त्याच्याभोवती स्वच्छ कडं उरतं. अशा दहावीस परीक्षांचा ताळा जुळला की नाव हाती येतं. आणि एवढं झालं तरी शेवटी तो जिवाणू निरोगी झाडावर सोडून तोच रोग येतो का, आणि त्या झाडातून तोच जिवाणू परत निघतो का, हे पाहिल्याशिवाय खरा शास्त्रज्ञ सही करत नाही.

अलीकडे डीएनए वाचून ओळख पटवतात. अमेरिकेतले कार्ल वोज यांनी १९७७ साली दाखवून दिलं, की सर्व जिवांच्या पेशींत प्रथिनं बनवणारे जे कण असतात, त्यांतल्या एका घटकाची अक्षरं जुळवून पाहिली की कोण कोणाचा नातेवाईक ते कळतं. काम पुष्कळ लवकर होतं. पण जवळजवळ सख्खे असलेले भाऊ त्यातूनही वेगळे काढता येत नाहीत, आणि शेतकऱ्याला तर तेच हवे असतात. त्यासाठी खास वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात.

आता हे सख्खे भाऊ कोण? जिवाणूच्या नावात आधी आडनाव आणि मग नाव, अशी रीत आहे. गावात एका आडनावाची वीस घरं असतात आणि त्यांत एकाच नावाचे तिघे निघतात. पोस्टमन मग विचारतो, "कुठल्या आळीतले?" तसंच इथं. लिंबावर खैऱ्या आणणारा, डाळिंबावर तेल्या आणणारा आणि कपाशीवर कोनाकोनांचे डाग पाडणारा, तिघांचं नाव-आडनाव एकच: झँथोमोनस सिट्री. वेगळं काढण्यासाठी पुढे त्याचं पीक जोडतात, आणि त्याला रोगप्रकार म्हणतात. लिंबाचा तो सिट्री, डाळिंबाचा प्युनिकी, कपाशीचा मालव्हेसिॲरम. शरीरानं हे इतके सारखे, की बशीतल्या ठिपक्यावरून सांगता यायचं नाही. पण प्रत्येकाचं घर ठरलेलं. बांधावरच्या लिंबाला खैऱ्या झाला म्हणून शेजारच्या डाळिंबाला त्यातून तेल्या येत नाही. काहीजण या भीतीनं बांधावरची लिंबं तोडायला निघतात, म्हणून मुद्दाम सांगतो. डाळिंबाची भीती डाळिंबापासूनच; आणलेल्या रोगट रोपांपासून, रोगट बागेत फिरलेल्या छाटणीच्या कात्रीपासून, वाऱ्या-पावसाच्या थेंबांपासून.

या नावांचा एक इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रा. एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या जिवाणूरोगांवर फार मोठं काम केलं. आंब्याच्या पानाफळांवर डाग पाडणारा जिवाणू त्यांनी १९४८ साली जगापुढे मांडला. त्या काळी रीत अशी होती, की नव्या पिकावर सापडला की नवं नाव द्यायचं. अशी शंभराच्या वर नावं झाली. १९८० साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या नावांची नवी अधिकृत यादी केली, त्यात यांतली बरीचशी नावं एकत्र करून पिकाचं नाव फक्त रोगप्रकार म्हणून ठेवलं. पुढे डीएनएच्या आधारे पुन्हा वाटण्या झाल्या. तेल्याचंच पाहा. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीची. १९५९ साली त्याचं नाव पडलं झँथोमोनस प्युनिकी, मग तो कॅम्पेस्ट्रिस झाला, १९९५ साली ॲक्सोनोपोडिस, आणि आता सिट्री. वांग्याच्या मरीच्या जिवाणूनं तर आडनावंच चार पाहिली. १८९६ साली तो बॅसिलस होता, नंतर सुडोमोनस, मग बर्खोल्डेरिया, आणि १९९५ पासून राल्स्टोनिया.

हे एवढं सांगायचं कारण असं. जुन्या पत्रकात एक नाव आणि नव्या पत्रकात दुसरं नाव दिसलं, तर नवा रोग आला असं समजू नका. कोणी "नवा जिवाणू आलाय, त्याचं हे नवं औषध" असं म्हणालं, तर आधी विचारा की याचं जुनं नाव काय होतं. रोग तोच असेल तर उपायही बहुधा तेच असतात.

उपायांचं थोडक्यात सांगतो. वांगी-टोमॅटोची मर जिवाणूची ठरली, तर मरायला टेकलेलं झाड कोणत्याही औषधानं परत येत नाही. ते मुळासकट काढून जाळा. त्या वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात सोडू नका. हा जिवाणू पाण्याबरोबर आणि खुरप्या-कुदळीला लागलेल्या मातीबरोबर जातो. त्या जमिनीत निदान दोनतीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांतलं काही लावू नका, भात किंवा मका घ्या. मरीला दाद न देणाऱ्या जाती आणि रानवांग्याच्या खुंटावर केलेली कलमी रोपं मिळतात, ती विचारून बघा. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, कारण त्यांनी केलेल्या जखमांतूनच जिवाणू आत शिरतो.

फवारणीच्या औषधांची नावं मी मुद्दाम देत नाही. परवानगी असलेल्या औषधांची यादी बदलत असते, ती त्या वेळी कृषी अधिकाऱ्याला विचारावी. आणि प्रतिजैविकांबद्दल जरा जपून. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयावरचंही औषध आहे. बुरशीच्या डागांवर ते फवारलं तर डाग जात नाहीत, पण शेतातले इतर जिवाणू त्याला सरावतात.

सगळे जिवाणू काही वैरी नसतात. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवर गाठी आणून हवेतला नत्र पिकाला देणारा रायझोबियम आपल्याला ठाऊक आहेच. ओळखीची हीच अडचण इथं उलट बाजूनं येते. यांचीही घरं ठरलेली आहेत. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला गाठी आणत नाही आणि सोयाबीनचा हरभऱ्याला आणत नाही. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग यांचं मात्र एकमेकांत बरंचसं चालतं. म्हणून पाकिटावर "रायझोबियम" एवढं वाचून घेऊ नका. पुढे कोणत्या पिकाचं ते वाचा, आणि वापरण्याची शेवटची तारीखही वाचा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा, आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं एखादं झाड मुळासकट अलगद काढून गाठ फोडून बघा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर पाकीट चुकलं किंवा शिळं होतं.

आता नमुन्याचं. एक शेतकरी बंधू सुकलेली चार झाडं घेऊन आले होते. लांबून आले होते, दोन गाड्या बदलून. झाडं त्यांनी धुऊन, ओलीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणली होती. पिशवी उघडली तर आत नुसता चिखल. त्यात सडवणारे जिवाणू इतके माजले होते की मूळ रोगाचा पत्ताच लागेना. त्यांना परत जावं लागलं, आणि दुसरा नमुना येईपर्यंत आणखी दोन ओळी गेल्या. त्यांनी मनापासून काळजी घेतली होती, पण ती उलटी झाली.

तर असं करा. नुकतंच सुकू लागलेलं झाड निवडा, एकदम मेलेलं नको. मुळं माती झटकून घ्या, धुऊ नका. पानं असतील तर रोगट आणि निरोगी भाग दोन्ही असतील अशी निवडा, आणि कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. मुळांचा भाग वेगळ्या कागदात ठेवा. वेगवेगळ्या झाडांचे नमुने एकत्र करू नका. प्लॅस्टिकची पिशवी वापरलीच तर तिला भोकं पाडा. गाडीच्या टपावर उन्हात ठेवू नका. सोबत चिठ्ठी लिहा: पीक आणि जात, लागवडीची तारीख, रोप कुठून आणलं, मागच्या वर्षी तिथं काय होतं, झाडं एका कोपऱ्यात मरतात की सगळीकडे विखुरलेली, पाणी कुठून कुठं वाहतं, आणि आतापर्यंत काय काय फवारलं. फवारलेलं लपवू नका, त्यावर कोणी रागावणार नाही. पेल्यातली परीक्षा केली असेल तर धागा सुटला की नाही तेही लिहा.

नमुना आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असं बघा. शुक्रवारी निघालेला नमुना शनिवार-रविवार कार्यालयात पडून राहतो.